आत ओढलेला माणूस

१

ओलेटा मॅकब्राइडच्या स्वयंपाकघरात एक माणूस मरून पडला होता आणि ओलेटा आमच्यासाठी कॉफी करत होती. ओक्लाहोमाच्या आमच्या या कोपऱ्यात दारी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे त्याचा अपमान, मग घरात काहीही घडलेलं असो. कॉफी बशीत सांडत होती आणि दरवेळी ती आमची माफी मागत होती.

मी व्हेल्डा फुलब्राइट. शेरीफच्या कचेरीत तपासाचं काम करते. शेरीफ गार्लंड टिप्टन माझा वरिष्ठ आणि शाळेपासूनचा सोबती. तो हुकूम सोडतो, मी ते ऐकत नाही, आणि आमचं बरं चाललेलं आहे.

मेलेला माणूस लॉनी क्रील, शेजारच्या गावचा जमीन मोजणारा. उताणा पडला होता आणि छातीवर मोठी जखम होती. ओलेटाने एका दमात सांगितलं की तो जाळीचं दार उघडून आत घुसला, ती घाबरली, नवऱ्याची रायफल उचलली आणि झाडली. पाठ केलेली प्रार्थना म्हणावी तसं म्हणाली. पंच्याहत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, डोळ्यांत मोतीबिंदू असलेली बाई. तिच्यावर कोण शंका घेणार?

शिवाय आमच्या राज्यात घर म्हणजे किल्ला. बळजबरीने घरात घुसणाऱ्यावर घरच्याने गोळी झाडली, तर ती जिवाच्या भीतीनेच झाडली असं कायदा आधीच धरून चालतो. घरच्याला काही सिद्ध करावं लागत नाही. गार्लंडने टोपी डोक्यावर चढवली, म्हणजे त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं.

जाळीचं दार सताड उघडून बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं होतं. मी पोर्चवर आले. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, सगळं रान कोरडंठाक, आणि पोर्चच्या फळ्या मात्र ओल्या होत्या. कोणीतरी नुकत्याच धुतल्या होत्या.

मी परत आत जाऊन लॉनीच्या पायांकडे पाहिलं. उजव्या बुटाची नाडी घट्ट बांधलेली होती. डाव्याची मोकळी होती आणि बुटात कोंबलेली होती. दिवसभर काट्याकुट्यांतून, तारांवरून चालणारा माणूस नाडी अशी ठेवत नाही. दारातून आतपर्यंत त्याच्या टाचांच्या दोन पुसट रेघा आल्या होत्या.

"गार्लंड," मी म्हटलं, "हा माणूस या घरात स्वतःच्या पायांनी आलेला नाही."

२

मी तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला दोन दिवसांनी वाटलं.

डॉक्टरने सांगितलं की छातीवरची जखम गोळी बाहेर पडल्याची आहे. आत शिरली ती पाठीतून. एकच गोळी, थेट काळजातून, आणि माणूस जागच्या जागी गेलेला.

आता चित्र पार उलटं झालं. पाठीत गोळी, धुतलेला पोर्च, आत ओढलेलं प्रेत. सरकारी वकील तरुण होता आणि हुशार होता, आणि हे दोन्ही एकत्र आलं की त्रास होतो. त्याने सरळ हिशेब मांडला. लॉनी आला, म्हातारीला पाहून परत फिरला, ती बाहेर आली आणि पळणाऱ्याला तिने पाठीत गोळी घातली. मग कायद्याचं छत्र मिळावं म्हणून त्याला घरात ओढलं. पळणाऱ्याला मारणं हा स्वसंरक्षणाचा हक्क नाही, खून आहे. सोमवारी तो तिच्यावर आरोप ठेवणार होता.

"ती त्याला ओढेल कशी?" मी विचारलं. "तिला दुधाची बरणी उचलवत नाही."

"म्हणजे कोणीतरी मदत केली," वकील म्हणाला. "तोही आत जाईल."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या बाईने मला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, आणि माझ्याच नजरेमुळे तिचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार होतं. मला वाईट वाटलं, पण ओल्या फळ्या तर मी पाहिल्याच होत्या.

आणि संध्याकाळी ओलेटाचा भाऊ होइट स्वतःहून कचेरीत आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मीच ओढलं त्याला."

३

होइटला ओळखत नाही असा माणूस आमच्या तालुक्यात नाही. सगळ्या विषयांवर त्याचं मत तयार असतं आणि बहुतेक वेळा ते चुकलेलं असतं.

"बाहेर पडला तर आत ओढायचा," तो मला समजावू लागला. "माझा बाप सांगायचा, त्याचा बाप सांगायचा. घराबाहेर मारलास तर खुनी, घरात मारलास तर घरधनी. एवढं साधं तुम्हा शिकलेल्यांना कळत नाही?"

हे शहाणपण आमच्याकडे बंदुकीच्या दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या आवारात सगळीकडे फुकट मिळतं. फुकटच्या वस्तूची किंमत तेवढीच असते. आमच्या कायद्यात घराला जोडलेला पोर्च हा घराचाच भाग आहे, तसं त्यात लिहिलेलं आहे. ओढाओढी करून काहीच पदरात पडत नाही. उलट पुराव्याला हात लावल्याचा नवा गुन्हा गळ्यात पडतो आणि खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

"कसं ओढलंस?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? पाय धरून."

टाचांच्या रेघा होत्या, म्हणजे ओढणाऱ्याने काखेत हात घातले होते. शिवाय त्या सकाळी होइट चर्चच्या मागे मासे तळण्याची कढई मांडत होता आणि अर्ध्या गावाला ती कशी मांडावी ते सांगत होता. बहिणीसाठी तो खोटं बोलत होता. मी त्याला तसं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग तो हळूच म्हणाला, "तिला तिथे नेऊ नका गं. ती परक्या गादीवर झोपू शकत नाही." मी त्याला घरी पाठवलं.

राहिला शेजारी, आर्व्हेल पेंटर. शेरीफला फोन त्यानेच केला होता. शांत, नेमस्त माणूस, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारा. ओलेटाच्या नवऱ्याच्या माघारी तिच्या घराच्या पडझडीची डागडुजी तोच करायचा. घराच्या रक्षणाचा वर्गही तोच घ्यायचा, चर्चच्या सभागृहात. बंदूक कशी ठेवावी, कायदा काय म्हणतो, हे सगळं. मीही त्या वर्गाला बसले होते. त्याचा पहिला धडा तो सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घ्यायचा: पोर्च म्हणजे घरच, आणि पडलेल्याला हात लावायचा नाही.

तो मला त्याच्या कुरणात भेटला. गाई तळ्यावर पाणी पीत होत्या. या कोरड्या वर्षात त्या भागात पाणी टिकलेलं ते एकच तळं. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, लांबून अधूनमधून बार ऐकू येत होते.

"दोन बार ऐकले मी," आर्व्हेल म्हणाला. "या दिवसांत बाराकडे कोण लक्ष देतो? पण आवाज जवळचा वाटला म्हणून गेलो. मी पोचलो तेव्हा तो आतच होता."

"ओढलं कोणी असेल?"

"जुन्या वळणाचं कोणीतरी. मी घसा फोडून शिकवतो, व्हेल्डा, पण होइटसारख्यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ." तो खिन्न हसला. "ओलेटाबाईंचं काही होणार नाही ना?"

मी तळ्याकडे बघत होते. त्याच्या गाईंच्या पलीकडे, तळ्याच्याही पलीकडे, गवतात एक खुंटी रोवलेली होती आणि तिच्यावर गुलाबी फीत फडफडत होती. मोजणीवाले हद्दीवर लावतात ती फीत. ओलेटाची जमीन माझ्या पाठीमागे होती, कुंपणाच्या पलीकडे. मग हद्दीची खुंटी तळ्याच्या त्या बाजूला काय करत होती?

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओलेटाकडे गेले. दाराला नवी कोरी जाळी बसवलेली होती. आमच्याकडे घरात मरण झालं की बायका ताटं घेऊन येतात आणि पुरुष काहीतरी दुरुस्त करून जातात, बोलण्यापेक्षा त्यांना ते सोपं जातं.

"आर्व्हेलने बसवली," ओलेटा म्हणाली. "लगेच दुसऱ्या दिवशी. भला माणूस. जुनी जाळी टाकायला न्यायला निघाला होता. मी म्हटलं, चांगली जाळी कोणी टाकतं का? ठेवून घेतली."

तिने कॉफी ओतली आणि तक्रार केली की स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडचा फ्रीझर त्या दिवसापासून बंद पडलाय, उन्हाळाभर निवडून ठेवलेली भेंडी वाया चाललीय. मी तिला बोलू दिलं. मग सांगितलं की सोमवारी काय होणार आहे आणि होइटने काय केलं. होइटचं ऐकल्यावर ती रडली.

"मिस ओलेटा," मी शाळेतल्या सवयीने म्हटलं, "आता खरं सांगा. तो बाहेर होता ना?"

तिने होकारार्थी मान हलवली. मग सगळं सांगितलं. गेले काही आठवडे आर्व्हेल तिला बजावत होता की कोणी अनोळखी माणूस तिपाईवर दुर्बीण लावून तिच्या घराकडे बघत असतो, हेरून जातो, सांभाळा. त्या सकाळी त्याचा फोन आला की तो माणूस तिच्या दाराकडेच निघालाय, रायफल घ्या. ती स्वयंपाकघरात उभी राहिली. मोतीबिंदूमुळे जाळीपलीकडे नुसती सावली दिसली. सावली वाकली. ती काहीतरी उपसतेय असं ओलेटाला वाटलं आणि तिने चाप ओढला.

"धक्क्याने मी खाली पडले. आणि पोरी, तो बोलला गं. 'मॅम,' म्हणाला, 'मॅम, मी फक्त...' किती अदबीने बोलला. मग पुन्हा आवाज झाला, आमच्या टेकडीवर आवाज परत येतो तसा, आणि तो पडला. मी मारल्यावरही तो मला मॅम म्हणाला. मला झोप लागत नाही."

"पडला तो कुठे?"

"दारावरच. जाळीवर तोंड आपटून खाली. मग आर्व्हेल धावत आला. म्हणाला, बाहेर पडलाय, हे बघितलं तर तुम्हाला फासावर देतील, आत घ्यायला हवा. काय बोलायचं तेही त्याने शिकवलं. मी शपथ घेतली होती त्याचं नाव न घेण्याची. माझ्यासाठीच तर त्याने केलं."

ती आर्व्हेलच्या वर्गाला कधी आली नव्हती. डोळ्यांमुळे ती संध्याकाळी बाहेर पडत नसे.

मी कप खाली ठेवला. काळजातून गोळी गेलेला माणूस 'मॅम' म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

"ती जुनी जाळी कुठे आहे, मिस ओलेटा?"

मागच्या ओसरीवर होती. दोन खुर्च्यांवर आडवी टाकलेली, आणि तिच्यावर या मोसमातले अक्रोडासारखे पेकन वाळत घातलेले. मी ते ओंजळीने टोपलीत भरले आणि जाळी उन्हात धरली.

जाळीत दोन भोकं होती. वरच्या भोकाच्या तारा रंग दिलेल्या बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या. खालच्या भोकाच्या तारा आतल्या बाजूला वळल्या होत्या.

५

गार्लंडला मी बोलावून घेतलं, ओलेटाचं सगळं म्हणणं सांगितलं आणि फ्रीझर उघडायला लावला. वास असा आला की त्याने टोपी नाकावर धरली. फ्रीझरच्या पुढच्या पत्र्यात, आलेल्या बायकांनी नंतर वाळत टाकलेल्या मोठ्या टॉवेलमागे, एक भोक होतं. भेंडीच्या पिशवीत रायफलची गोळी सापडली.

"वरच्या भोकाची गोळी ओलेटाची," मी म्हटलं. "आतून बाहेर गेली, लॉनीच्या डोक्यावरून. ती पोर्चच्या छतात असणार, बघ." ती तिथे होतीच, आडव्या तुळईत. "लॉनी वाकला तो बूट काढायला. डाव्याची नाडी त्याने सोडली होती, ओढणाऱ्याने ती बुटात कोंबली. परक्या बाईच्या स्वयंपाकघरात मातीचे बूट घेऊन जायचं नाही, एवढं वळण त्याला होतं. डोक्यावरून गोळी गेली तसा तो उठून उभा राहिला, हात वर करून बोलू लागला. तोंड दाराकडे, पाठ आवाराकडे. तेव्हा दुसरी गोळी आवारातून आली. पाठीतून, छातीतून, जाळीतून, आणि खाली पडलेल्या ओलेटाच्या डोक्यावरून फ्रीझरमध्ये."

"पण मग आर्व्हेलने आत कशाला ओढला?" गार्लंड म्हणाला. "तो तर शिकवतो की ओढू नका."

"तेच तर. तालुक्यात ही चूक कोणीही करील, एक माणूस सोडून. आणि ती करायचा सल्ला त्याच एका माणसाने दिला. लॉनी पोर्चवर राहिला असता तर आपण जाळी पाहिली असती, आवार पाहिलं असतं. आत नेल्यावर दार नुसतं ढकलून बाजूला झालं, कोणी वळून बघितलं नाही. शिवाय ओलेटाला एकदा खोटं बोलायला लावलं की ती बांधली गेली. आणि ओढल्याचं उघडकीला आलंच, तर सगळे होइटकडे बोट दाखवणार."

"आणि का?"

मी त्याला गुलाबी फितीबद्दल सांगितलं. आर्व्हेलच्या पलीकडच्या जमिनीच्या मालकाने लॉनीला मोजणीला लावलं होतं. मोजताना त्याच्या लक्षात आलं असणार की आर्व्हेलचं कुंपण वर्षानुवर्षं सरकत सरकत ओलेटाच्या तळ्याला वळसा घालून बसलंय. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथे तळं प्यायलं होतं. लॉनी ते तिला सांगायला निघाला होता.

आर्व्हेल सभागृहात खुर्च्या मांडत होता, पुढच्या वर्गासाठी. मी त्याला पहिला धडा म्हणायला सांगितला. माझ्या हातातल्या जाळीकडे त्याने पाहिलं आणि मांडलेल्यांपैकी एका खुर्चीवर बसला.

"त्या गाई म्हणजे माझं सगळं आहे, व्हेल्डा," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच शांत होता. "तिचा नेम लागला असता तर मला काही करावंही लागलं नसतं. आणि तिला कोण हात लावणार होतं? म्हातारी बाई, स्वतःच्या घरात. तिला हक्क होता. तू त्या फळ्या बघितल्या नसत्यास तर कोणाचंच काही बिघडलं नसतं."

"लॉनीचं बिघडलंच होतं," गार्लंड म्हणाला आणि त्याला घेऊन गेला. फ्रीझरमधली गोळी आर्व्हेलच्या रायफलीशी जुळली.

६

सरकारी वकिलाने ओलेटावरच्या आरोपाचा विषय संपवला. खोटं सांगितल्याबद्दल तिला चार शब्द ऐकवले, तेही बिचाऱ्याने नजर चुकवत. बाकी कायद्याच्या हिशेबाने ती आपल्या घरात होती, तिला खरी भीती वाटली होती आणि तिची गोळी कोणाला लागलीही नव्हती.

मी ही बातमी आनंदाने घेऊन गेले. तिने ऐकून घेतली.

"म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

"कायद्याने नाही."

"आणि नेम लागला असता तर?"

"तरीही बहुतेक नाही."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मला त्याच्या घरी घेऊन चल."

मी तिला पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. वाटेत तिने काही घेतलंही नाही. आमच्याकडे मरणाच्या घरी रिकाम्या हाताने कोणी जात नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाली की हात रिकामेच दिसायला हवेत.

क्रीलचं घर गावाच्या टोकाला होतं. ओलेटाने पोर्चच्या पायऱ्या चढून दार वाजवलं आणि मग परत खाली उतरली. अंगणात, गवतावर, दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली. मी गाडीजवळ थांबले. लॉनीची बायको रोंडा दारात आली. वर्तमानपत्रामुळे तिने ओलेटाला ओळखलं असावं, कारण तिचा हात दारावर तसाच राहिला.

"मी ओलेटा मॅकब्राइड," ओलेटा म्हणाली. "सगळे म्हणतात, मी त्याला मारलं नाही. ते खरं आहे. पण मी मारायलाच झाडली होती, बाई. माझा नेम चुकला, एवढंच. हे तुला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं."

मला वाटलं, रोंडा आता दार लावून घेईल, आणि तिने लावलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

"तुम्ही विचारलं का नाही?" ती म्हणाली. "कोण आहेस, एवढं तरी? त्याने सांगितलं असतं."

ओलेटाचे पुढे धरलेले हात खाली आले. रोंडा एक पाऊल मागे सरली आणि तिने दार उघडं धरलं.

"आत या," ती म्हणाली. "मुलं शाळेतून यायच्या आत काय ते बोलून घेऊ."